दशलक्षण पर्व आणि सासूबाईंची हृदयाची गोळी



पर्व जवळ आलं की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : उपवासात गोळ्यांचं काय करायचं? गेल्या वर्षी तो आमच्याकडे निघाला. सासूबाईंच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. वाशीच्या डॉक्टरांनी त्यांना अमायोडेरॉन ही २०० मिलिग्रॅमची गोळी दिली आहे. त्यांचा नेम मात्र दहा दिवस एकासन आणि अनंत चतुर्दशीला निर्जल उपवास असा, तोही लग्न होऊन आल्यापासूनचा.

"दहा दिवस गोळी नाही घेतली तर काय होतंय गं?" त्यांनी विचारलं. उत्तर नीट देता यावं म्हणून मी आधी डॉक्टरांकडून औषध समजून घेतलं.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या बारीक संदेशाने पडतो. सासूबाईंच्या आजारात वरच्या कप्प्यांत भलतेच संदेश उठतात आणि ते कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. ही गोळी एका ठोक्यानंतर पेशींना पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ वाढवते. त्यामुळे अवेळी आलेला संदेश वाया जातो आणि ठोका ताळ्यावर राहतो.

हे औषध १९६१ साली बेल्जियममध्ये तयार झालं, तेही छातीतल्या कळेसाठी. ठोके सावरण्याचा गुण पुढे ध्यानात आला. ते शरीरातल्या चरबीत साठतं आणि बंद केलं तरी कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने अंगात राहतं. "मग दहा दिवसांनी काय बिघडतं?" असं सासूबाई लगेच म्हणाल्या. डॉक्टरांनी हसून सांगितलं, "आजी, साठा आहे म्हणून तो मोडायचा नसतो. गोळी एकासनाच्या जेवणाबरोबर घ्या. दिवसातून एकदाच तर आहे."

म्हणजे गोळी एकासनात बसत होती. खरी अडचण निर्जल उपवासाची होती. पाणी आणि क्षार कमी पडले, विशेषतः पोटॅशियम घटलं, तर हीच गोळी ठोके जास्त बिघडवू शकते. त्यामुळे डॉक्टरांनी निर्जलाला साफ नाही म्हटलं.

सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. मग मंदिरात माताजींना विचारलं. त्यांनी सोळाकारण भावनांतल्या शक्तितस्तपाची आठवण करून दिली : तप शक्तीप्रमाणे करायचं, शक्ती लपवायची नाही आणि ओलांडायचीही नाही. चतुर्दशीला एकासन आणि सूर्यास्तापर्यंत पाण्याची सूट, असा नेम त्यांनी दिला. सासूबाईंचे डोळे भरून आले, पण नेम त्यांनी घेतला आणि पाळला.

ज्यांच्या घरी हे औषध आहे त्यांच्यासाठी थोडं अजून. या औषधाच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीन असतो, म्हणून थायरॉईड बिघडू शकतं. थायरॉईड आणि यकृताची रक्ततपासणी ठरल्या वेळी करायचीच. कोरडा खोकला, दम लागणं किंवा नजरेत फरक जाणवला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. ऊन अंगाला बाधतं, म्हणून मंदिरात जाताना छत्री आणि पूर्ण बाह्या हव्यात. ग्रेपफ्रूट खायचं नाही. त्याच्याच कुळातलं पपनस गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसतं, तेही विचारूनच खावं.

सोबत रक्त पातळ करणारी वॉरफरिन असेल तर जास्तच जपायचं. अमायोडेरॉनमुळे तिचा जोर वाढतो. शिवाय पर्वात आपण हिरवी भाजी एकदम बंद करतो. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व कमी झालं की तो जोर आणखी वाढतो आणि रक्तस्रावाची भीती असते. म्हणून हिरवी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. पर्वाच्या आत-बाहेर रक्त कधी तपासायचं, ते सांगतील.

आणि सासूबाईंचा पहिला प्रश्न राहिलाच : "जिलेटीन नाही ना त्यात?" ही साधी गोळी आहे, जिलेटिनची कॅप्सूल नाही. तेवढ्याने त्यांचं अर्धं मन हलकं झालं.

चार दानांत औषधदान आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची गोळी समजावून सांगणं हेही मला त्यातलंच वाटतं. यंदाचे नेम घेण्याआधी घरच्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन एकदा डॉक्टरांकडे जाऊन या.