बिजागरीचा आस

सामान ठेवण्याची सोय असलेल्या बाकात बसण्याची फळी हेच पेटीचे झाकण असते. ते मिटलेले असताना बसणाऱ्याचा भार पेटीच्या कडांवर जातो, पण ते उघडू लागताच सारा ताण बिजागरीवर, म्हणजे एका सळईभोवती फिरणाऱ्या धातूच्या दोन पानांवर येतो. घरोघरच्या दिवाणात ही अडचण येत नाही, कारण तिथली फळी बहुधा सुटीच असते आणि उचलून भिंतीला टेकवता येते. त्या साध्या योजनेतील शहाणपण प्रस्तुत लेखकाला स्वतःचा बाक तयार झाल्यानंतर उमगले.

त्या बाकाची पेटी 18 मिमी जाडीच्या प्लायवूडची होती आणि झाकण तेवढ्याच जाडीच्या, 42 सेंमी रुंदीच्या सागवानी फळीचे होते. दिसायला बरे म्हणून झाकण पुढच्याप्रमाणे मागेही 2 सेंमी बाहेर ठेवले होते आणि तीन बिजागऱ्यांचे खालचे पान मागच्या प्लायच्या वरच्या कडेवर बसवले होते. महिनाभरात स्क्रू उपटून आले. फेविकॉलमध्ये बुडवलेल्या आगकाड्या भोकांत ठोकून तेच स्क्रू पुन्हा पिळले गेले, नंतर अधिक लांब स्क्रू आणले गेले, आणि या दुसऱ्या उपायाने कडच उकलली. प्लायवूड हे एकाआड एक आडव्या-उभ्या धाग्यांचे पातळ थर चिकटवून बनते. त्याच्या कडेत शिरणारा स्क्रू थरांना समांतर जातो आणि पाचरीसारखा त्यांना फाकवतो.

तरीही कमकुवत कड हे अर्धेच कारण होते. झाकण ज्या रेषेभोवती फिरते तिला आस म्हणतात. येथे आसाच्या मागे 2 सेंमी फळी आणि वर 18 मिमी जाडी असल्यामुळे, पायथागोरसच्या सिद्धांतानुसार, झाकणाचा मागचा वरचा कोपरा आसापासून सुमारे 27 मिमी अंतरावर होता. झाकण मिटलेले असताना तो 20 मिमीच मागे असे, उघडताना मात्र पूर्ण 27 मिमी मागे सरके, आणि बाक भिंतीला लावलेला असल्याने या जास्तीच्या 7 मिमीला जागाच नव्हती. कोपरा भिंतीला अडे आणि पुढून लावलेला हाताचा जोर, पहारीने दगड उचकटावा तसा, कित्येक पटींनी वाढून स्क्रूंवर पडे. गुण्या लावून कागदावर आकृती काढली असती तर हे आधीच दिसले असते. भिंतीच्या रंगावर उमटलेला बारीक ओरखडाही तेच सांगत होता, पण दोष सगळा स्क्रूंच्या माथी मारला गेला.

उपायासाठी चांगली फळी उभी कापावी लागली. मागची 6 सेंमी रुंद पट्टी कायमची स्थिर केली गेली. तिच्या आधाराला प्लायच्या आतल्या अंगाला 25 मिमी चौरस सागाची रीप फेविकॉल आणि स्क्रूंनी जोडण्यात आली. उरलेले झाकण या पट्टीला पियानो बिजागरीने, म्हणजे पियानोच्या झाकणाला असते तशा सलग लांब बिजागरीने, सळई वरच्या पृष्ठभागाशी ठेवून जोडले, त्यामुळे आसाच्या मागे झाकणाचा कोणताही भाग उरला नाही. सागाच्या लांब कडेत स्क्रू धाग्यांना आडवा जातो आणि घट्ट धरतो; 3.5 मिमीच्या स्क्रूसाठी आधी 2.5 मिमीचे भोक पाडून आट्यांना साबण चोळल्यावर ते न करकरता बसले. झाकण आता काटकोनाच्या सुमारे 10 अंश पलीकडे जाऊन भिंतीला टेकते आणि हात सोडला तरी उभे राहते. आतून पाहिल्यास रिपेशेजारी उकललेल्या प्लायची कड अजून दिसते.