वालाचा मांडव

लेकीकडे व्हर्जिनियात गेले की मला सगळ्यात जास्त चुकल्याचुकल्यासारखं होतं ते मातीविना. अंगण आहे, पण त्यावर गवत. झाडाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा. सप्टेंबरातल्या एका शनिवारी शार्लट्सव्हिलच्या वाटेवर मात्र एके ठिकाणी रस्त्यासाठी टेकडी कापलेली होती आणि आतून तांबडीलाल माती बाहेर आली होती. गाडीच्या काचेला हात लावून मी बघत राहिले. लोहाचा अंश असला की माती अशी होते, हे शाळेत शिकलेलं. पण आमच्याकडे मृगाच्या पहिल्या सरीला ओहोळ ज्या रंगाचे होतात तोच रंग सातासमुद्रापार दिसल्यावर भूगोल आठवत नाही, पाय चिखलात गेल्यासारखे वाटतात.

आम्ही निघालो होतो माँटिसेलोला. थॉमस जेफरसनची डोंगरमाथ्यावरची वाडी. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कर्ता. सगळी माणसं समान जन्माला येतात, असं त्या जाहीरनाम्यात त्यानंच लिहिलं. घुमटाचं घर सुंदर आहे, पण त्याबद्दल मी फारसं सांगणार नाही. घरं मला लवकर कळत नाहीत. मला ओढ होती ती घराच्या दक्षिणेला उतारावर कोरून काढलेल्या भाजीच्या मळ्याची.

हा मळा हजार फूट लांब आहे. चिंचोळा, सरळ, डोंगराच्या कडेवर बसवलेला. खालून दगडी बांध, बांधाखाली फळबाग, आणि त्यापलीकडे निळ्या डोंगररांगा थेट क्षितिजापर्यंत. इथं जेफरसननं 330 प्रकारच्या भाज्या लावून पाहिल्या. त्याच्यानंतर सगळं मोडलं, गवताखाली गेलं. 1923 साली एका संस्थेनं ही जागा घेतली, आणि 1979 पासून खोदकाम करून, मातीत उरलेल्या खांबांच्या काळपट डागांवरून कुंपणाची रेषा शोधून, मळा पुन्हा उभा केला. आता इथं लोकांना फिरवून आणतात. एप्रिलमध्ये पांढऱ्या फुलांचं एक रानरोप फुलतं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला जेफरसनचं नाव दिलंय, आणि ते फुलतंही त्याच्या वाढदिवसाच्या आसपास. आम्ही गेलो ते दिवस बियाणं धरायचे होते. आम्हाला फिरवणाऱ्या बाई वाळकी शेंग तळहातावर फोडून बी दाखवत होत्या, आणि शाळकरी पोरं ते बी बोटांनी पुढे सरकवत होती.

आणि मग मला मांडव दिसला.

लाकडी खांबांवर चढवलेला वेल. जांभळी फुलं, जांभळ्या चपट्या शेंगा, उन्हात मेण लावल्यासारख्या चकाकत होत्या. लेकीनं हळूच विचारलं, “आई, हा वाल ना?”

वालच. आमच्या अलिबागकडचा वाल भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो. त्याला वरून पाणी लागत नाही, लागते ती थंडी. जानेवारीत त्याच्याच शेंगा मडक्यात भरून, भांबुर्डीच्या पाल्यात, पोपटी लावतात. तोच वाल इथं एका राष्ट्राध्यक्षाच्या मळ्यात शोभेला चढवलेला. बाई म्हणाल्या, हे फार देखणं रोप आहे. मी म्हटलं, आम्ही हे खातो. लेकीनं भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांना खरोखर आनंद झाला.

त्यानंतर तो मळा मला परका राहिलाच नाही. पुढच्या वाफ्यात भेंडी, माझ्यापेक्षा उंच, पिवळ्या फुलांची. तिच्या पलीकडे तीळ, बोंडं तडकायच्या बेतात. चवळी. ही भेंडी, हा तीळ, ही चवळी इथं आली ती आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांच्या वाटेनं. तिळाचं तर त्या माणसांनीच इथं रुजवलेलं नाव अजून चालतं, बेने. जेफरसनला तीळ इतका आवडला की त्यानं त्याचं तेल गाळून पाहिलं. संक्रांतीला ज्याचे लाडू वळते तो दाणा मी बोंडातून हातावर झटकला आणि बराच वेळ मूठ उघडली नाही.

जेफरसनला शेतीचं खरं प्रेम होतं. वाटाणा त्याचा लाडका. शेजाऱ्यांशी पैज असायची, ज्याचा वाटाणा आधी ताटात येईल त्यानं बाकीच्यांना जेवायला बोलवायचं. 1766 पासून त्यानं बागेची वही ठेवली. काय पेरलं, कधी उगवलं, कधी फुललं, कधी ताटात आलं. साठ वर्षांच्या आसपास ही वही चालली. असा वही ठेवणारा माणूस मला एरवी आवडला असता.

पण त्याची आणखी एक वही आहे, शेतीची. त्या वहीत माणसं आहेत. आयुष्यभरात 600 हून अधिक माणसं त्याच्या मालकीची होती. कोण कोणत्या वाडीवर, कोणाला कधी मूल झालं, कोणाला किती कापड, कोणाला ब्लँकेट, किती मक्याचं पीठ, किती मासळी, सगळं त्याच सुबक अक्षरात. एकाच हातानं, एकाच दौतीतून दोन वह्या लिहिल्या. त्यानं हयातीत दोघांना मुक्त केलं, मृत्युपत्रानं पाचांना. बाकीचे वहीतच राहिले.

मळ्याच्या वरच्या अंगाला तुतींची एक वाट आहे. तिच्या कडेनं या माणसांची घरं आणि कामाच्या जागा होत्या. खिळे पाडायच्या भट्टीवर दहा-बारा वर्षांची मुलं हातोडा चालवत. घरांमागे त्यांचे स्वतःचे लहान वाफे होते. दिवसभर धन्याचं काम करून, उरलेल्या वेळात ती माणसं काकडी, कोबी, कलिंगडं पिकवत आणि कोंबड्या-अंडी बाळगत. हे सगळं मोठ्या घरालाच विकत. जेफरसनच्या नातीनं त्याचा हिशेब लिहून ठेवलाय, त्यात स्क्वायर नावाच्या माणसाचं नाव वारंवार येतं. या नोंदीपाशी मी अडकले. ज्याच्या घामावर 330 भाज्यांची हौस चालली होती, त्याच्याच परसातली काकडी त्या घरच्या पानात पडत होती.

वर्मली ह्यूज हा तिथला मुख्य माळी. 1826 च्या जुलैत जेफरसन गेला तेव्हा खड्डा त्यानंच खणला. त्याला मोकळं केलं गेलं. पण धन्यावर कर्ज होतं. पुढच्याच जानेवारीत याच डोंगरावर लिलाव झाला, 130 माणसांचा, गुराढोरांबरोबर. त्यात वर्मलीची बायको अर्सुला होती, त्याची मुलं होती. फुलांचे गड्डे कुठे किती खोल लावायचे हे ज्याच्या हाताला ठाऊक होतं, तो माणूस त्या दिवशी कुठे उभा राहिला असेल?

माझे वडील खोताचं कूळ होते. आमच्या तालुक्यात चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 पासून सहा वर्षं जमिनी ओसाड ठेवल्या होत्या. नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. आंबेडकर पाठीशी. लोकांनी करवंदं, कंदमुळं खाल्ली, सरपण विकलं, पण नांगर धरला नाही. पुढे कूळकायदा आला आणि वडिलांचं नाव सातबाऱ्यावर चढलं. त्यांना वाचता येत नव्हतं. तो कागद ते ट्रंकेत धोतराच्या घडीत ठेवत, आणि मी चौथीत गेल्यावर दर दिवाळीला मला तो वाचायला लावत. कूळ आणि गुलाम यांत अंतर फार मोठं आहे, ते मी विसरत नाही. आम्हाला कोणी विकू शकत नव्हतं, माझी आई माझ्यापासून कोणी तोडून नेली नाही. पण आपलं नाव कोणत्या वहीत, कोणत्या रकान्यात लिहिलं जातं, याचं काय मोल असतं ते मी त्या ट्रंकेपाशी शिकले.

परतताना गाड्या ठेवतात त्या जागेशेजारी झाडी दिसली. झाडीत खोलगट जागा, डोक्याशी-पायाशी उभे केलेले साधे दगड. गुलामांची दफनभूमी. 40 हून अधिक माणसं तिथं आहेत, आणि दगडांवर अक्षर नाही. मी चप्पल काढून उभी राहिले. पानगळ अजून लागली नव्हती. झाडांतून ऊन थोडं थोडं खाली येत होतं, आणि पलीकडे कुणीतरी गाडीचं दार लावत होतं.

घरी पोचायला रात्र झाली. निघण्याआधी मी अलिबागहून आणलेले कडवे वाल बांधून ठेवले होते, त्यांना बोटभर मोड आले होते. कोमट पाण्यात टाकून सोलायला बसले. बिरड्याचे सगळे कष्ट सोलण्यात असतात. लेक समोर बसली आणि तिनं फोनवर ती शेतीची वही उघडली. मूळ वही मॅसॅच्युसेट्सच्या एका इतिहास संस्थेत आहे, पण तिची पानं कुणालाही बघता येतात.

“वाच ना,” मी म्हटलं.

“काय, आई? नुसती नावं आहेत.”

“नावंच वाच.”

ती वाचू लागली. अर्सुला. जॉर्ज. बॅगवेल. मिनर्व्हा. क्रिटा. मी एकेक दाणा चिमटीत धरून सालातून मोकळा करत होते. मध्येच एका नावाशी ती थांबली, अक्षर पुसट होतं. तिनं चष्मा वर सारला, फोन दिव्याखाली धरला, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून लावून बघू लागली.