डावं पायडल

सायकल शिकताना आधी ओळख होते ती डाव्या पायडलशी. बाबांची सायकल काळी, दांडीची, २८ इंची चाकांची. सीटवर बसण्याची उंची यायला अवकाश होता, म्हणून डावा पाय पायडलवर आणि उजव्याने रस्ता मागे रेटत मी कराडच्या आमच्या गल्लीतला उतार गाठायची. मग दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालून हाफ पायडल आलं. तोल सावरायला शिकवलं ते त्या डाव्या पायडलनेच.

तेव्हा क्रँक एक्सलला धरून ठेवायला कॉटर असायचा. कॉटर म्हणजे एका अंगाने सपाट केलेली लोखंडी पाचर. तो सैल झाला की पायाखाली दर फेऱ्याला खट् खट् लागे. कोपऱ्यावरचे सायकलवाले काका नवा कॉटर कानशीने घासत, घालून बघत, पुन्हा काढून घासत. उलट्या बाजूने बसला तर दोन्ही पायडलं एका रेषेत राहत नाहीत, म्हणून ठोकण्याआधी ते एक डोळा मिटून रेष बघत. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू ठेवल्याशिवाय हातोडी उचलत नसत. दणका आतल्या छर्‍यांना बसता कामा नये. शेजारी रांग लागलेली असली तरी ही नळी लागायचीच. मला ती अजून डोळ्यांसमोर दिसते, हातोडी खाऊन खाऊन तिच्या कडा बाहेर वळल्या होत्या.

पुण्यात नोकरीला आले, सायकली बदलत गेल्या. कॉटर गेले, आता ॲल्युमिनियमचे क्रँक आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर गिअरची सायकल सर्व्हिसिंगला दिली. परत आली ती लखलखीत होऊन. पण डावा पाय किंचित वाकडा पडतोय असं वाटत राहिलं, आणि खडकवासल्याच्या रस्त्यावर, चढाला उभी राहून जोर दिला तेव्हा डावं पायडल क्रँकमधून निखळून बुटाबरोबरच बाहेर आलं. मागून टेम्पो येत होता. त्याने वेळेवर ब्रेक मारला.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायाचा भार क्रँकच्या मानाने सारखा फिरत असतो, आणि भोकात केसाएवढी मोकळीक असली तरी पायडलचा दांडा त्या भाराच्या उलट दिशेने गडगडतो. डावीकडे नेहमीचे आटे दिले तर पायडल चालवता चालवता सुटत जाईल. विमानाआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनीही १९०० च्या सुमारास आपल्या पायडलांना असेच उजवे-डावे आटे दिले होते. इतक्या विचाराने केलेली गोष्ट एका घाईच्या हाताने बिघडू शकते. दांडा पोलादी, क्रँक मऊ ॲल्युमिनियमचा. पहिला आटा तिरका धरला आणि १५ चा पाना लावून रेटलं, की पोलाद स्वतःची नवी वाट कापत आत शिरतं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं घट्टच दिसतं.

दुकानात गेले तेव्हा मालक म्हणाले, "मॅडम, सायकल जुनी आहे, आटे आधीच गेलेले असणार." मी पायडल काउंटरवर ठेवलं. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस गुंतलेला होता. जुनी झीज काळपट असते, ग्रीस आणि धूळ खाऊन बसलेली. हा कीस ताजा होता.

मागे ट्यूब बदलत बसलेला मुलगा उठून आला. विशीच्या आतला असेल. म्हणाला, "ताई, ते सुरुवातीपासूनच जड जात होतं. गर्दी होती, मी पाना लावून घुसवलं."

मालकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं मला कळलं. आधी ते एपॉक्सी भरून देतो म्हणाले. ज्याच्यावर माणूस पूर्ण वजन टाकून उभं राहतं, तिथे एपॉक्सी चालणार नाही, हे मी सांगितलं. नवा डावा क्रँक, दुकानाच्या खर्चाने, एवढंच माझं मागणं. आणि त्याचे पैसे या मुलाच्या पगारातून कापायचे नाहीत. त्यावर ते चिडले. तो त्यांचा अंतर्गत मामला आहे, म्हणाले. मला तसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. खरं बोलणाऱ्याच्या खिशालाच चाट बसणार असेल, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि तसंच सुटणारं पायडल दुसऱ्या कुणाच्या पायाखाली जाईल. बराच वेळ वाद झाला. शेवटी "नाही कापत" असं त्यांनी त्या मुलाच्या देखत म्हटलं.

क्रँक आल्यावर मी जवळच उभी राहिले. मालकांनी स्वतः त्याला दाखवलं: दांड्याच्या टोकावरचं एल बघायचं, ग्रीस लावायचं, पायडल आधी सोडायच्या दिशेने फिरवायचं, आटा जागेवर टुक् करून बसला की मग आवळायचं. तेही बोटांनी. पाना अगदी शेवटी. हे त्याला पहिल्याच दिवशी का दाखवलं नाही, हे मी विचारलं. "वेळ कुठे असतो," असं ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही.

मी त्याच दुकानात जाते. सायकल त्या मुलाच्याच हातात द्या, असं सांगते.