घडणावळ

एप्रिल उजाडला की म्युनिकमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात मी एकटाच उतरतो. गाडीवरची सुती चादर काढून तिची घडी घालतो, बॅटरीची तार जोडतो, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडतो आणि किल्ली फिरवतो. पहिल्या खेपेला काही होत नाही. पाच महिने ज्याला कुणी हाक मारली नाही, त्यानं पहिल्या हाकेला ओ का द्यावी? दुसऱ्यांदा नुसतं खाकरल्यासारखं होतं. तिसऱ्यांदा चारही सिलिंडर एकमेकांना शोधत एका सुरात येतात आणि तळघरभर अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास पसरतो. तो वास आला की मी म्युनिकमध्ये नसतो. नाना पेठेत असतो, दहा वर्षांचा, बाबांचं बोट धरून स्पेअर पार्ट्सच्या दुकानांपुढून चाललेला.

गाडी आहे बीएमडब्ल्यू २००२, बांधणी १९७२ सालची. घेतली तेव्हा आईला फोनवर नाव सांगितलं. "एवढ्या लांब जाऊन २००२ सालची जुनी गाडी घेतलीस?" असं ती म्हणाली. ते साल नाही, नाव आहे, हे समजावताना मी गडबडीत खरं साल बोलून गेलो. मग ती बराच वेळ गप्पच बसली. नावातले दोन हजार म्हणजे इंजिनाचे १९९० सीसी, आणि शेवटचा दोन म्हणजे दारं दोन. रंगाला कारखान्यानं 'इन्का' म्हटलं होतं. आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे, शेंदरी.

हिचं रूप पहिल्या नजरेत भरणारं नाही. नाकावर दोन गोल दिवे, मागे दोन गोल दिवे आणि मध्ये नीटस पेटी. पण आत बसलं की कळतं. छताचे खांब इतके बारीक आणि काचा इतक्या मोठ्या की ओसरीवर बसल्यासारखं वाटतं. रस्ता, झाडं, सायकलवरून जाणाऱ्या आजी, सगळं बसल्या जागी दिसतं. दार लावलं की 'टक्' असा एकच कोरडा आवाज येतो, चांगल्या डब्याचं झाकण बसल्यासारखा. सीटच्या गादीत घोड्याचे केस आहेत. उन्हात गाडी तापली की त्यांचा वास येतो, जुन्या ट्रंकेतल्या लोकरीसारखा.

बाबांची फियाट १९७९ ची होती. त्यांनी ती १९८६ मध्ये दुसऱ्या हाताची घेतली. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी. १९७४ पासून तिचं नाव तेच होतं, पण आमच्या आळीत तिला पद्मिनी कुणीच म्हटलं नाही. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली, पण साचा मूळचा तुरिनचा. इटलीत ते मॉडेल साठचं दशक सरता सरता संपलं. आपल्याकडे मात्र ते शतक संपत आलं तरी चालूच राहिलं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग. मी आई-बाबांच्या मध्ये बसायचो, आणि गिअर बदलताना बाबांचं कोपर माझ्या खांद्याला लागायचं.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला सुपरवायझर होते. रविवारी फियाट त्यांची टूलरूम. रेक्झिनची कव्हरं, डॅशबोर्डवर इवलासा पंखा, घाटासाठी दुसरा हॉर्न, अशी त्यांची खटपट सतत चाललेली असायची. आणि डॅशबोर्डच्या मधोमध, दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेला तीन बोटं उंचीचा पितळी गणपती. तुळशीबागेतला.

२००४ मध्ये ती फियाट भंगारात गेली. वजनावर. भंगारवाला दारात उभा असताना बाबा पेचकस घेऊन आत बसले, गणपतीचे दोन्ही स्क्रू सोडवले, वर्तमानपत्रात मूर्ती गुंडाळली आणि मगच किल्ली दिली. पंखा राहिला, हॉर्न राहिला, कव्हरं राहिली. "मोडीत पितळ जाऊ द्यायचं नाही," एवढंच ते म्हणाले.

गाड्यांच्या वयाचं गणित देशागणिक किती वेगळं असतं! मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्या हिशेबानं शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. जर्मनीत गाडीला तीस वर्षं झाली आणि ती मूळच्या रूपात नीट जपलेली असली, की तपासनीस तिला पाहतो, कागद करतो आणि नंबर प्लेटच्या शेवटी 'एच' हे अक्षर चढतं. ही सोय १९९७ पासूनची. मग इंजिन लहान असो की मोठं, वर्षाचा कर सरसकट १९१ युरो ७३ सेंट. तिथे विसाव्या वर्षी निवृत्ती, इथे तिसाव्या वर्षी शाल आणि श्रीफळ.

शाल मिळेपर्यंत गाडी टिकली तर. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि सत्तरच्या दशकातला पत्रा मिठापुढे पापडासारखा विरतो. मी गाडी बघायला गेलो तेव्हा खिशात एक चुंबक होतं, रुमालात गुंडाळलेलं. दारांखालचा उंबरा, मागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या वरचे बुरूज, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, जॅक लावायच्या जागा, सगळीकडे ते फिरवलं. चुंबक चिकटलं तर पत्रा आहे. घसरलं तर पत्रा जाऊन आत लांबी भरलीय आणि वरून रंग दिलाय. हिच्यात ते एका ठिकाणी घसरलं, डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर. बाकी सगळीकडे चिकटलं. इंजिनाच्या ठोकळ्यावर आणि चासीवर कोरलेला नंबरही एकच निघाला. या गाड्यांमध्ये दोन्ही नंबर जुळणं म्हणजे ज्याचं त्याचं काळीज ज्याच्या त्याच्या छातीत असणं.

विकणाऱ्या बाई साठीच्या होत्या. गाडी त्यांच्या वडिलांची. वडिलांची गावात बेकरी होती. डॅशबोर्डवर प्रवाशांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत क्रिस्तोफरचं एक गोल पदक होतं. बव्हेरियातल्या त्या पिढीच्या गाड्यांत ते हमखास दिसायचं. पैसे मोजून झाले, सह्या झाल्या. बाई म्हणाल्या, "एक मिनिट." पर्समधून एक नाणं काढून त्या आत बसल्या आणि नाण्याच्या कडेनं पदकाचे दोन स्क्रू सोडवले. पदक मुठीत धरून बाहेर आल्या. मागे राहिली दोन भोकं. त्यांच्याभोवती प्लास्टिकचा एक वर्तुळाकार तुकडा, बाकीच्या डॅशबोर्डपेक्षा जास्त काळा, पन्नास वर्षं ऊन न लागलेला.

पहिल्या वर्षी मी केली ती चूक या छंदातले सगळेच करतात. १०० अश्वशक्ती मला पुरेना. एका गॅरेजवाल्याच्या नादानं मूळचा सोलेक्स कार्बोरेटर काढून दोन मोठे वेबर बसवले. गाडी गर्जायला लागली, पेट्रोल ढसाढसा प्यायला लागली आणि थंडीत सुरू व्हायचं नाव घेईना. मूळचा कार्बोरेटर मी पन्नास युरोला विकून मोकळा झालो होतो. तसाच दुसरा मिळवायला दोन वर्षं जुन्या सुट्या भागांच्या बाजारात रविवार घालवले. तो किती पटीनं घेतला, ते घरी अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून एक नियम पाळतो. बदल करायला हरकत नाही, पण तो परत फिरवता आला पाहिजे. मूळ गिअर चारच, त्यामुळे ताशी १२० किलोमीटरला इंजिन मिनिटाला चार हजारांच्या आसपास फेरे घेतं आणि बोलायचं तर ओरडावं लागतं. मी नंतरच्या मॉडेलचा पाच गिअरचा बॉक्स बसवला. त्यासाठी प्रोपेलर शाफ्ट आखूड लागतो, तो वेगळा करून घेतला. आता त्याच वेगाला सव्वातीन हजार. मूळचा गिअरबॉक्स आणि मूळचा शाफ्ट तेल लावून, फडक्यात बांधून तळघरात ठेवलाय. पुढच्या मालकाला वाटलं तर एका शनिवारी सगळं जागच्या जागी जाईल. पत्रा कापलेला नाही, वेल्डिंगचा एक ठिपकाही नाही. या पठडीतल्या कितीतरी गाड्यांच्या कमानी लोकांनी रुंद चाकांसाठी कापून टाकल्या. त्यांना १९७३ च्या त्या टर्बोसारखं दिसायचं होतं, आणि ती टर्बो मुळात बनलीच १६७२. कापलेली कमान पुन्हा उगवत नाही.

या गाडीची किंमत नेमकी कशात आहे, हे मला सोनाराच्या दुकानानं शिकवलं. लहानपणी आई पाटल्या मोडायला गेली होती. सोनारानं वजन केलं, घट धरली आणि आकडा सांगितला. आईनं विचारलं, "आणि घडणावळ?" तो हसला. "वहिनी, मोडताना घडणावळ धरत नाहीत." सोन्यात तसंच असतं. धातू राहतो, हात वाया जातो. जुन्या गाडीत बरोबर उलटं. धातू म्हणाल तर टनभर लोखंड, भंगाराच्या भावाचं. बाकी सगळी किंमत घडणावळीची. कुणी कसं जोडलं, कुणी किती जपलं, कुणी कुठे हात आवरला. म्हणून इथला मूल्यमापक आधी गाडी बघत नाही, फाइल बघतो. बेकरीवाल्यानं ठेवलेली १९७४ पासूनची बिलं, तेल बदलल्याच्या नोंदी, कारखान्याच्या संग्रहातून मागवलेलं गाडीच्या जन्माचं पत्र. मग तो १ ते ५ अशी श्रेणी देतो. १ म्हणजे निर्दोष, ५ म्हणजे नुसती आशा.

वापरलेल्या लोखंडाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. या गाडीच्या इंजिनाच्या ठोकळ्यावरूनच पाऊल रोशे या इंजिनिअरनं फॉर्म्युला वनचं टर्बो इंजिन बनवलं. १९८३ मध्ये नेल्सन पिके ते घेऊन जगज्जेता झाला. त्यासाठी सुरुवातीला नवे कोरे ठोकळे न घेता रस्त्यावर भरपूर धावलेले जुने घेतले होते. हजारदा तापून निवलेल्या ओतीव लोखंडातला ताण निघून गेलेला असतो. ते मग वेडंवाकडं होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाबा आले. वय अठ्ठ्याहत्तर. तळघरात गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेट उघडायला सांगितलं. ते पुढच्या बाजूला उलगडतं हे पाहून मान डोलावली. मग आत बसून त्या दोन भोकांवर बोट ठेवलं.

"हे काय?"

मी पदकाची गोष्ट सांगितली. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी बॅगेतून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत गणपती. वर्तमानपत्र २००४ चंच होतं.

"बसवायचा का?" त्यांनी विचारलं.

खरं सांगतो, माझ्या मनात आधी मूल्यमापक आला. मी चाचरत म्हणालो, "बाबा, तुम्ही म्हणत असाल तर... पण नवं भोक..."

"अरे, नवं भोक पाडायचं कुणी म्हटलंय?"

त्यांनी माझं व्हर्निअर मागून घेतलं. मूर्तीच्या स्क्रूंमधलं अंतर मोजलं, भोकांमधलं मोजलं. आठ मिलिमीटरचा फरक निघाला. दोन दिवस ते बाल्कनीत कानस घेऊन बसले होते. ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी, तिला चार भोकं, दोन बेकरीवाल्याच्या मापाची, दोन तुळशीबागेच्या. कडा घासून इतक्या गोल केल्या की हाताला टोचू नयेत. डॅशबोर्डला ओरखडा पडू नये म्हणून खाली रबराचा तुकडा. तिसऱ्या दिवशी गणपती बसला. मग आम्ही दोघं गावाबाहेर तळ्यापर्यंत जाऊन आलो. बाबांनी पाचवा गिअर टाकायला लावला, इंजिनाचा आवाज उतरलेला ऐकला आणि म्हणाले, "हे बरं केलंस."

विम्यासाठी दर काही वर्षांनी नवं मूल्यमापन करावं लागतं. या वर्षीचा अहवाल गेल्या महिन्यात आला. श्रेणी २ उणे. डाव्या मागच्या कमानीवरची लांबी नोंदलेली आहे, गिअरबॉक्स बदललेला पण मूळचा जपलेला, हेही आहे. शेवटच्या पानावर डॅशबोर्डबद्दल एक ओळ आहे: धातूची छोटी मूर्ती, जुन्याच दोन भोकांवर बसवलेली, काढता येण्याजोगी, किमतीत वजावट नाही.