चिखल न पाहिलेल्या गाड्या

तालुक्याच्या ठिकाणी हल्ली एक गाडी हमखास दिसते. काळी थार नाहीतर स्कॉर्पिओ. कंपनीने दिली त्यापेक्षा वीतभर उंच केलेली, चाके मडगार्डच्या बाहेर आलेली, टपावर एलईडी दिव्यांची पट्टी, पुढे लोखंडी गार्ड आणि मागच्या काचेवर आडनाव. डोंगर चढायचे, ओढे ओलांडायचे सगळे सामान तिच्यावर असते. नसतो फक्त चिखल.

मी गेली अनेक वर्षे कामानिमित्त नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा भागात जातो. सातपुड्यातल्या पाड्यांकडे जाणारे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ऑफ-रोडिंग म्हणजे काय ते सांगायला नको. तिथे ते रोजचे जगणे आहे. तिथे धावतात त्या जुन्या कमांडर, बोलेरो आणि क्रूझर. आत माणसे, टपावर धान्याची पोती, पत्रे, कधी शेळ्या. दिव्यांची पट्टी नाही, रुंद चाके नाहीत. अशाच एका जीपचा चालक पावसाळ्यात ओढ्यापाशी थांबला, खाली उतरला, काठी घेऊन पाण्यात शिरला आणि परत येऊन म्हणाला, "पाणी उतरू द्या दादा. ज्याला घाई असेल त्याने वर पुलाकडून चालत जावे." आम्ही दोन तास बसून राहिलो. गाडी कुठे घालायची नाही हे ज्याला कळते, त्यालाच ती कुठेही नेता येते.

महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपच्या युद्धकाळातल्या मूळ गाडीचे टायर जेमतेम सहा इंच रुंद होते आणि इंजिन साठ हॉर्सपॉवरचे. तरी ती दगडधोंड्यांतून गेली, कारण ती हलकी होती, आखूड होती आणि चारही चाकांना ताकद देणारा लो गिअर तिच्यात होता.

आता आपल्या चौकातल्या गाडीकडे पाहू. स्प्रिंगा बदलून गाडी उंच केली की बॉडी वर जाते, पण मागच्या अखंड अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो, आणि दगड आधी त्यालाच लागतो. तो उचलायचा तर चाकेच मोठी लावावी लागतात. चाके मोठी झाली की ब्रेक, स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो आणि चढावर गाडीची ओढ कमी पडते. खडकाळ जागी जाणकार चालक टायरमधली हवा कमी करतात, म्हणजे रबर पसरते आणि पकड घेते. वीस इंची चकचकीत अलॉयवर रबराची पातळ कड असली तर हवा काढणार कुठून? दगड थेट रिमला बसतो. शिवाय उंची वाढली की गाडीचा तोल वर सरकतो. आडव्या उतारावर आणि घाटातल्या वळणावर ती उलटण्याचा धोका वाढतो. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वस्त प्रकारातही मिळते. तिलाही तीच अवाढव्य चाके बसवली जातात! म्हणजे हजारो रुपये खर्चून गाडीची मूळची क्षमता कमी करायची आणि त्यालाच ताकद म्हणायचे.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा सांगितले. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याचे केंद्राचे पत्र डिसेंबर २०१७ चे आहे, कारण ते गार्ड पायी चालणाऱ्याला आणि गाडीतल्यालाही घातक ठरते.

यावर ठरलेले उत्तर येते: हौस आहे, स्वतःच्या पैशाने करतो, तुमच्या पोटात का दुखते? हौसेला माझी हरकत नाही. काही मंडळी खरोखर चिखलात उतरतात, गाडी अडकली तर काढायला शिकतात. त्यांचा मला आदर आहे. पण जी गाडी डांबर सोडतच नाही, तिची उंची कशासाठी? ती समोरच्यासाठी असते. एलईडीचा झोत समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. उंच बॉनेटपुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. गाडी मागे आली की बाकीच्यांनी रस्त्याच्या कडेला व्हायचे. या गाडीचा खरा उपयोग एकच, दरारा.

आमचे काही तरुण मित्र विचारतात, त्यांनी उंच बसायचे आणि आम्ही नाही? प्रश्न रास्त आहे. ज्या समाजाने घोड्यावर कोणी बसायचे याचेही नियम केले, तिथे उंच बसणे ही साधी गोष्ट नाही. तेव्हा मित्रांनो, जरूर बसा, चांगली गाडी घ्या. पण ज्याच्या दराऱ्याचा आपल्याला राग येतो, त्याचीच नक्कल सात वर्षांच्या हप्त्यावर विकत घेणे ही बरोबरी नव्हे. हप्ता आपला, दरारा त्याचाच.

आजही सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवरून बाळंतीण बाई बांबूच्या झोळीतून खाली आणावी लागते. तिथे रस्ता सरकारनेच केला पाहिजे, त्यासाठीची लढाई वेगळी आणि ती सोडता येणार नाही. पण तोवर ज्याच्या दारात फोर बाय फोर उभी आहे, त्याला करण्यासारखे काही आहे. टायर कंपनीचेच ठेवा. दिव्यांच्या पैशांत टो दोर, फावडे आणि प्रथमोपचाराची पेटी घ्या. कच्च्या रस्त्यावर गाडी चालवायला एखाद्या जुन्या जीपवाल्याकडून शिका. आणि पावसाळा लागण्याआधी जवळच्या पाड्यावरच्या आशाताईंकडे आपला फोन नंबर देऊन या.