परक्यांची पंगत

घरच्या जेवणाची सर बाहेरच्या जेवणास नाही, असे म्हणण्याचा आपल्या समाजात फार जुना प्रघात आहे. आणि हे वाक्य मनुष्य बहुधा उपाहारगृहात आकंठ जेवून, बडीशेप चघळीत बाहेर पडतानाच उच्चारतो. घरी बसून हे वाक्य म्हणणारा आम्हांस तरी अद्याप भेटलेला नाही. ज्या गोष्टीची आपण तोंडाने निंदा करतो आणि पायांनी वाट धरतो, त्या गोष्टीत काही तरी तथ्य असले पाहिजे. ते कोणते, याचा विचार करण्याचे आज योजिले आहे.

आमचा मुक्काम पनवेलजवळच्या कळंबोलीस. सिडकोने आखलेल्या चाळवजा इमारती एका अंगास, लोखंड-पोलादाचा प्रचंड बाजार दुसऱ्या अंगास, आणि मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचा आरंभ येथेच; तेव्हा आमच्या गावी स्थायिकांपेक्षा येणाऱ्याजाणाऱ्यांचाच राबता अधिक. पंजाबचा चालक, तामिळ देशाचा क्लीनर, बिहारचा हमाल आणि साताऱ्याचा कारकून यांच्या पोटाची सोय लावणारे ढाबे, खाणावळी, उडुप्यांची हॉटेले व चहाच्या टपऱ्या येथे पावलोपावली आहेत. येथील कोणत्याही बाकावर अर्धा तास बसावे, म्हणजे हिंदुस्थानचा नकाशा आपोआप समोर उलगडतो.

बाहेरचे जेवण ही चैनीतून निघालेली वस्तू आहे, असा एक समज आहे. वस्तुतः ती निघाली विरहातून. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन माणसे अमेरिकेत उतरली. त्यांत पुष्कळसे पुरुष एकटे आलेले. कोणा गाववाल्याच्या घरी पैसे देऊन राहावे, त्याच्या बायकोने शिजविलेल्या शेवयांवर टोमॅटोचा रस घालून जेवावे आणि गावाची आठवण काढावी, हा त्यांचा क्रम. अशा स्वयंपाकघरांतून आणि गल्लीतल्या लहानसहान दुकानांतून न्यूयॉर्कची ती सुप्रसिद्ध इटालियन भोजनगृहे उभी राहिली. प्रथम तेथे गाववाला जेवला, मग शेजारी आला, आणि शेवटी सारे शहर ते अन्न आपलेच म्हणून खाऊ लागले.

आमच्या मुंबईची कथा निराळी नाही. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बिऱ्हाड गावी ठेवून येई, आणि त्याच्या पोटाचा भार खाणावळवाल्या बायकांवर पडे. पहाटे उठून शेकडो भाकऱ्या थापणाऱ्या या बायकांचे नाव कोणत्याही गिरणीच्या हिशेबात नव्हते. त्यांस सावकाराच्या जाचातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले, तेव्हा कोठे त्या समाजास दिसू लागल्या. तिकडे माटुंग्यास दक्षिणेकडचे कारकून व शिक्षक येऊन राहिले, आणि त्यांच्यामागोमाग भाताची हंडी व सांबाराचे पातेले आले. माटुंगा स्थानकाजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ साली काढलेले उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग हे याच कुळातले. केळीच्या पानावर भात वाढण्यासाठी निघालेल्या त्या जागेत आज मराठी, गुजराती, कच्छी अशा सर्व भाषांची माणसे जिना चढून जातात.

परंतु परक्याच्या शेजारी बसून जेवणे ही गोष्ट आज वाटते तितकी स्वस्तात मिळालेली नाही. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहाचे पेले आले. कोणी ते घेतले, कोणी नुसते हाताळले. परंतु नावे छापून येताच सनातन्यांनी असा गहजब केला, की न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या परस्परविरोधी दिग्गजांसही अखेर प्रायश्चित्ताच्या एकाच वाटेने जावे लागले. एका पेल्यातील चहाने जे पुणे हादरले, त्या पुण्यात आज अमृततुल्याचे दुकान नाही असा चौक सापडणे कठीण!

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी याच पेल्याचा उलटा उपयोग केला. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांस त्यांनी चहाचे दुकान घालण्यास साह्य केले. आणि गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा स्वतःची गाडी दुकानापुढे थांबवून तेथला चहा घेण्याचा परिपाठ ठेविला. महाराजांनी घेतल्यावर बरोबरच्या मानकऱ्यांस नाही म्हणण्याची सोय उरत नसे. रत्नागिरीस स्थानबद्ध असता सावरकरांनी १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह काढले, त्याचाही हेतू हाच. आणि २६ जानेवारी १९५० रोजी जी राज्यघटना अमलात आली, तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणाने तेथे कोणास मज्जाव करता येणार नाही. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचे नाव यावे, हे परदेशी वाचकास विनोदी वाटेल; आम्हांस ते तसे वाटत नाही. देवळाइतकेच हॉटेलाचे दारही या देशात कोणासाठी तरी बंद होते, एवढाच त्याचा अर्थ.

जात, धर्म यांच्या बरोबरीने त्या कलमात लिंगाचाही उल्लेख आहे, याकडे आमचे लक्ष मात्र पुष्कळ उशिरा गेले, आणि तेही ग्रंथ वाचून नव्हे. आमच्या मातोश्री सत्तरी ओलांडेपर्यंत बाहेर जेवावयास तयार नसत. तेल कसले, पाणी कोठले, हात कोणाचे, हे त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. एकदा काही कामासाठी त्यांस मुंबईस न्यावे लागले. मानसरोवर स्थानकावरून हार्बरची गाडी, कुर्ल्यास बदल आणि माटुंग्यास उतरणे, एवढ्यात दुपार झाली. निरुपाय म्हणून त्या वर सांगितलेल्या बोर्डिंगात आल्या. पान मांडले गेले. वाढपी पुऱ्या घेऊन आला आणि सरळ मातोश्रींच्या पानाकडे वळला. त्यांनी सवयीने हात आडवा धरून आमच्याकडे बोट दाखविले. तो हसून म्हणाला, "अम्मा, पहले आप."

मातोश्री जेवल्या. नेहमीपेक्षा सावकाश आणि नेहमीपेक्षा थोडे अधिक जेवल्या. परतीच्या गाडीत वाशीची खाडी ओलांडीपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "टम्म फुगलेली पुरी माझ्या पानात पडली ती आजच. एरवी मला मिळते तोवर ती बसलेली असते."

पन्नास वर्षे ज्या बाईने सर्वांच्या पानात फुगलेली पुरी पडेल अशी दक्षता घेतली, तिच्या पानात ती एकदाही पडली नव्हती; आणि ही गोष्ट घरातल्या कोणासही ठाऊक नव्हती, कारण पुरुषांची पंगत उठल्यावर स्वयंपाकघरात काय उरते हे पाहण्याची आमच्या घरी रीत नव्हती. घरच्या जेवणाची गोडी गाणारे बहुतेक सारे वाढून घेणारे असतात. वाढणारीचे मत त्या गाण्यात कधीच घेतलेले नसते, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले.

येथे कोणी म्हणेल, की हॉटेलातली ही समता पैशाची आहे. खिशात नाणे असेल तोवर तुम्ही महाराज, नाणे संपले की रस्ता मोकळा. आक्षेप खरा आहे. ज्यास पान परवडत नाही त्यास कोणताही वाढपी 'पहले आप' म्हणत नाही. आणि मातोश्रींस जे चार पैसे मोजून मिळाले ते घरी फुकट मिळावयास हवे होते, हेही खरेच. तथापि पैशाच्या समतेचा एक गुण नाकारता येणार नाही. ती तुमचे कूळ विचारीत नाही, वय विचारीत नाही, आणि तुम्ही वाढणारे की जेवणारे हे जन्मावरून ठरवीत नाही. घराने तिच्यापासून एवढे शिकले तरी पुष्कळ झाले. आमच्या घरी आता पुऱ्यांच्या दिवशी कढईपाशी पाळी लावलेली असते. पहिल्या घाण्याची पुरी मातोश्रींच्या पानात जाते. त्या अजूनही हात आडवा धरतात, परंतु पूर्वीइतका वेळ नाही.

घराने शिकावयाचे तसे उपाहारगृहानेही आपल्या मागच्या दाराकडे पाहावयाचे आहे. पूर्वी घरातील बाई शेवटी जेवत असे; तिची ती जागा आता पोऱ्याने आणि वाढप्याने घेतली असेल, तर पंगत बदलली असे म्हणता येणार नाही, केवळ शेवटचा मनुष्य बदलला. कळंबोलीच्या बाजाराकडील एका लहानशा खाणावळीत दुपारी साडेतीनच्या सुमारास गिऱ्हाइकी ओसरते. त्या वेळी मालक स्वतः बाकावर ताटे मांडतो, भांडी घासणाऱ्या मुलापासून आचाऱ्यापर्यंत सर्वांस बसवितो आणि त्यांच्यासाठी भाकऱ्या नव्याने टाकल्या जातात. सकाळची उरलेली भाकरी त्या ताटात जात नाही. तेथल्या आमटीस विशेष चव आहे असे नाही. तरी बाहेर जेवावयाचे झाले, तर आमची पावले हल्ली त्याच खाणावळीकडे वळतात.