पापुद्र्याची मागची बाजू

"पार्किंगच्या कोब्याच्या नव्या रंगावर टायरचे डाग पडलेत, काय लावून पुसू?" असा फोन आला की मी आधी एवढंच सांगतो, थिनर लावू नका. मी येऊन बघतो.

सगळे डाग सारखे नसतात. जागच्या जागी स्टिअरिंग फिरवल्यावर उमटलेली काळी कमान म्हणजे रंगावर घासलेलं रबर. डीग्रीझर थोडा वेळ मुरू द्यायचा, नायलॉनच्या ब्रशने घासायचं, निघते. गाडी उभी राहते तिथले पिवळट-तपकिरी चार ठसे मात्र हट्टी. रबर मऊ राहावं, तडकू नये म्हणून त्यात घातलेली रसायनं रंगात मुरलेली असतात. तिथे पॉलिश पेपर मारून नवा कोट देण्यावाचून इलाज नाही.

मला खरं वाईट वाटतं ते टायरबरोबर रंगच उचलून आला की. रस्त्यावरून आलेल्या गरम टायरखाली कच्चा रंग मऊ पडतो. टायर निवताना आकसतो आणि चिकटलेला रंग ओढून घेतो. तो पापुद्रा मी उलटा करून उजेडात धरतो. मागे करडी भुकटी असेल, तर कोब्यावरचा भुसभुशीत थर ग्राइंडरने काढलेलाच नव्हता. रंग त्या भुकटीवरच बसला होता. मागची बाजू काचेसारखी स्वच्छ निघाली, तर घोटलेल्या कोब्यावर रंगाला धरायला जागाच मिळालेली नसते. अशा वेळी वरून ठिगळ मारायला मी नकार देतो. सगळं खरवडायचं, ग्राइंडर फिरवायचा, मगच प्रायमर.

आणि घाई. बेस-हार्डनरच्या इपॉक्सीवर दुसऱ्या दिवशी चालता येतं, म्हणून लोकांना काम झालं असं वाटतं. गाडीसाठी 7 दिवस तरी लागतात, थंडीत त्याहून जास्त. दसऱ्याच्या तोंडावर तर कोबाच अजून पावसाची ओल धरून असतो. दीड फुटी प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून मी रात्रभर ठेवतो. सकाळी खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडलेला दिसला, तर काम पुढे. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे. गाडीची पूजा दारात करता येते.